कानिपाची थुंकी

तास्बुलाकात मूल जन्मलं की लोक दोनच गोष्टी विचारायचे. मुलगा की मुलगी, ही पहिली. आणि कानिपाला सांगितलंत का, ही दुसरी. कारण बाळाच्या तोंडात थुंकायचं कोणी, हे ठरल्याशिवाय त्या गावाला झोप लागत नाही. गुणी माणसानं नव्या जिवाच्या तोंडात एकदा 'तू' करून हलकं थुंकलं की त्याचे गुण मुलात उतरतात, हे तिथं दूधपित्या पोरालाही ठाऊक. पैलवान हवा असेल तर पैलवान गाठायचा. गाणारा हवा असेल तर दोंब्रा वाजवणारा एखादा म्हातारा धरून आणायचा. आणि ज्यांना नुसतं शहाणं, शांत, रडून घर डोक्यावर न घेणारं लेकरू हवं असायचं, म्हणजे झाडून सगळे, ते कानिपाच्या दारात यायचे.

बाई होतीच तशी. एका वसंतात वाऱ्यानं तिच्या घरावरचे पत्रे उचलले आणि ओढ्यापलीकडे नेऊन टाकले. कानिपा आत चहा ओतत होती. तिनं वर आभाळाकडं पाहिलं, "उजेड बरा येतोय," म्हणाली, आणि पाहुण्यापुढं वाटी सरकवली. नवऱ्यानं तिला न विचारता गाभण गाय विकून मोटारसायकल आणली, तेव्हा तिनं मोटारसायकलीभोवती एक फेरी मारली. "हिला चारा लागत नाही, हे एक बरं," एवढंच बोलली. पुढं तो नवरा वारला. बायका हेल काढून शोक गात होत्या आणि कानिपा मयताला आलेल्यांसाठीचं मांस शिजलं की नाही ते बघत होती. लोक म्हणायचे, ही बाई नव्हे, थंड पाण्याचा झरा आहे.

झऱ्याच्या तळाशी काय आहे ते बघायला वाकतो कोण? कानिपाचं तोंड बारा महिने आलेलं असायचं. गाय गेली तेव्हा जिभेच्या टोकाला फोड आले. पत्रे उडाले तेव्हा खालच्या ओठाच्या आत. राग आला की बाई डाव्या गालाचं मांस आतून दातांखाली धरायची आणि गोड हसायची. तिनं गिळलेला शब्द पोटापर्यंत पोचतच नव्हता, वाटेतच बिऱ्हाड करून बसायचा. पण हे कानिपाच्या ध्यानात कधी आलं नाही. ती दोष द्यायची टोमॅटोला. मग तुरटी चोळायची, मेंढीच्या शेपटीची चरबी लावायची, आणि फारच झालं तर दवाखान्यातलं ते निळं औषध बोळ्यानं फासायची. त्यानं जीभ अशी निळी व्हायची की जणू शाईची दौत प्यायली आहे. एकदोन बाळांचे ओठही त्यापायी निळे झाले. त्यांच्या आयांनी काय म्हणावं? म्हणाल्या, "बघा, अपाची छाप कशी उमटली!"

अपा म्हणजे आई, आणि वडीलधारी बाईही. सगळं गाव तिला अपाच म्हणायचं.

तिचा एकुलता एक मुलगा येर्सायिन. त्यानं दोन वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडची मार्जान लग्न करून आणली. मुलगी कामाला वाघ, मनानं निर्मळ. पण ती रापिखाची लेक. रापिखा म्हणजे अशी बाई, की तिनं तिकडं आपल्या कोंबडीला शिवी दिली तर इकडं कानिपाची कोंबडी अंडं द्यायची थांबायची. भांडण सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि पाहुणे आले तर मध्ये एक जास्तीचं. तोंड येणं म्हणजे काय, हे तिला जन्मात माहीत नव्हतं.

मार्जान घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिनं सासूला चहा दिला, वाटी काठोकाठ भरून. आता तिकडची रीत अशी, की मानाच्या माणसाला चहा थोडाथोडा द्यायचा. अर्धी वाटी, तीही जेमतेम. म्हणजे वाटी पुन्हा पुन्हा मागं येते, पुन्हा पुन्हा भरते, गप्पा चालतात. काठोकाठ भरलेल्या वाटीचा अर्थ एकच. पी आणि ऊठ. कानिपानं त्या वाटीकडं पाहिलं, डावा गाल दातात धरला आणि म्हणाली, "छान झालाय हो चहा." मार्जान खुलली. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी आणखी थोडी वर भरली.

दोन वर्षं हे असं चाललं. रोज सकाळी सून तिला भर घरात 'ऊठ आणि चालू लाग' म्हणत होती, आणि रोज कानिपा 'छान' म्हणत होती.

मग नातू झाला. तिकडं चाळिसावा दिवस मोठा. त्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाणी घालून न्हाऊ घालतात, आणि तोंडात थुंकणंही तेव्हाच उरकून घेतात. गावातल्या अर्ध्या पोरांच्या तोंडात कानिपा थुंकली होती. त्यातली कितीतरी दाढी-मिशांची झाली होती. इतकी वर्षं परक्यांच्या पोरांना वाटत आलेली ही पुंजी आता स्वतःच्या रक्तात जाणार होती. तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ती नव्या ओढणीला स्वतः इस्त्री करत बसली, आणि ती इस्त्रीला कधी हात लावत नसे.

नेमकी त्याच सुमाराला शहरातून एक डॉक्टरीण आली. आकजिबेक तिचं नाव. पोरगी कोवळी, चष्मा मोठा. बरोबर एक पेटी आणि पेटीत प्लास्टिकच्या नळ्या. ती म्हणाली, माणसाच्या मनावर ताण असला की त्याची खूण थुंकीत सापडते. ज्यांचं तोंड सारखं येतं त्यांच्यात ती खूण जास्त दिसते का, ते तिला बघायचं होतं. तेव्हा सगळ्यांनी सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, मग दुपारी, मग संध्याकाळी, नळीत थुंकून द्यावं.

गावात एकच हलकल्लोळ. तिकडच्या बायका कापलेली नखं पुरतात, विंचरलेले केस कुणाच्या हाती लागू देत नाहीत. आणि थुंकी द्यायची परक्या पोरीला, तीही शहरात न्यायला?

"उद्या कुणी त्यावर मंत्र फुंकला म्हणजे?" रापिखा दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून ओरडली. "माझं तोंड वाकडं झालं तर कोण सरळ करणार? तू?"

"रापिखा अपा, तुमचं तोंड कोण वाकडं करणार?" डॉक्टरीण हसून म्हणाली. "ते आधीच सगळीकडं पोचलेलं असतं."

आजूबाजूच्या बायका खुदखुदल्या, आणि आता मागं सरणं रापिखाला शोभेना. तिनं नळ्या घेतल्या, घरी नेल्या आणि नवऱ्याच्या तोंडापुढं धरल्या. नवरा साद्वाकास ट्रॅक्टर चालवायचा सोडल्यापासून भिंतीकडं तोंड करून झोपलेला असायचा. घरात लांडगा शिरला तर त्याला म्हणाला असता, "जाताना दार लावून घे." तो अर्धवट झोपेत तिन्ही वेळा थुंकला. नळ्यांवर नाव रापिखाचं.

कानिपानं मात्र स्वतःचीच थुंकी दिली. डॉक्टरणीनं बॅटरीचा उजेड पाडून तिच्या तोंडात पाहिलं आणि बघतच राहिली.

"अपा, हे कधीपासून?"

"काही नाही गं. टोमॅटोनं होतं."

"ऐन हिवाळ्यात टोमॅटो?"

"बरणीतले."

"मनात काही साठवून ठेवता का तुम्ही?"

"मनात कुठं," कानिपा म्हणाली, "जागा मिळेल तशी तोंडातच ठेवते."

डॉक्टरीण हसली नाही. हे फोड आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप भरतात, एकाचे दुसऱ्याला होत नाहीत, पण काळजी चालू राहिली की पुन्हा येतात, असं तिनं समजावलं. आणि एक गोष्ट जरा दबकत म्हणाली, की बाळांच्या तोंडात थुंकणं सोडा. या फोडांमुळं नव्हे, पण मोठ्या माणसाच्या तोंडातले दुसरे आजार बाळाला लागतात.

"नळीत थुंकलं तर तुला माझं मन दिसतं," कानिपानं विचारलं, "आणि बाळाच्या तोंडात थुंकलं तर नुसते आजारच जातात होय? गुण वाटेत उतरतात वाटतं."

डॉक्टरणीनं नाक खाजवलं. "गुणांचं मी नाही शिकले, अपा. आजारांचं शिकले."

निकाल आले ते दवाखान्यातल्या शारिपा नर्सच्या हातात. शारिपाच्या पोटात पाणीही टिकायचं नाही. तिनं एकाच बाईला सांगितलं, तेही शपथ घालून. दुपारचा चहा होईतो गाव पेटलं. सगळ्या गावात जास्त काळजीची थुंकी कानिपाची! तिच्या खालोखाल तिची सून. आणि सगळ्यांत शांत, जणू बर्फाखालचं पाणी, कोण? रापिखा!

डॉक्टरीण घरोघर फिरली. तोंडात जखमा असल्या की थुंकीत रक्त उतरतं आणि आकडा फुगतो, म्हणाली. तीन नळ्यांवरून माणसाचा स्वभाव ठरवता येत नाही, म्हणाली. लोकांनी तिला चहा पाजला, खाऊ घातलं आणि एक शब्द ऐकला नाही. आकडा म्हणजे आकडा. एरवी हवामानाच्या आकड्यावरही ज्यांचा विश्वास नव्हता, ते आता थुंकीच्या आकड्यावर शपथा घेऊ लागले.

मग काय! कुणाचा पोरगा गणितात नापास झाला होता. "तरीच!" कुणाची मुलगी नवऱ्याशी भांडून माहेरी आली होती. "तरीच!" एक पंचविशीचा बाप्या नोकरी सोडून घरी लोळत होता, त्याच्या आईनं भर रस्त्यात सांगितलं की ह्याला लहानपणी अपाची थुंकी मिळाली, आता बिचाऱ्याला काम बघितलं की काळजी वाटते. एक शेजारीण तर थेट घरी आली.

"अपा, राग मानू नका. पण घातलेली थुंकी परत घेता येते का?"

"लेकरू आता कितवीत आहे?"

"सैन्यात आहे."

"मग आता सरकारची झाली ती," कानिपा म्हणाली आणि गाल चावला.

लोक आता रापिखाकडं जाऊ लागले. रापिखा पहिल्या दिवशी फुलली, दुसऱ्या दिवशी गांगरली. लोक तिच्याशी हळू बोलायला लागले होते. 'तुमच्यासारखी शांत बाई' म्हणायचे, आणि मग ओरडायची सोयच राहायची नाही. अर्धा दिवस ती गप्प बसली. साद्वाकास दचकून जागा झाला. "काय गं, कोण मेलं?"

"तू गप झोप," ती म्हणाली. "तुझ्यामुळंच हे सगळं."

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी येर्सायिन आईसमोर येऊन बसला. टोपी हातात फिरवत.

"अपा."

"बोल."

"लोक म्हणतायत... म्हणजे मी नाही म्हणत. लोक. की पोराचं आयुष्य आहे. तर मार्जानच्या आईनं जर... म्हणजे एकदाच. थुंकायचं."

चुलीपाशी मार्जान पाठमोरी पीठ मळत होती. तिचे हात थांबले. कानिपाला दिसलं, की सुनेनं मान वळवली नाही, आणि तिला वाटलं, हिचाच सल्ला असणार. आपली आई पुढं करायची. सगळी पुंजी ओढ्यापलीकडं.

"चालेल की," कानिपा म्हणाली. "छानच होईल."

येर्सायिननं सुटकेचा श्वास टाकला आणि तो घोड्याकडं निघून गेला. पुरुषांना असल्या वेळी नेहमी घोड्याकडं काहीतरी काम निघतं. कानिपाच्या तोंडात खारट चव आली. गाल आतून फाटला होता.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. सतरंजीवर बाउर्साकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, ढीग, मध्ये परात, परातीत कोमट पाणी, पाण्यात चांदीची नाणी आणि अंगठ्या. एकेकीनं पुढं यायचं, लाकडी चमच्यानं बाळाच्या अंगावर पाणी घालायचं आणि एक आशीर्वाद द्यायचा. आधी मार्जाननं सगळ्यांना चहा दिला. सासूला पहिला, काठोकाठ. तो उकळता चहा कानिपाच्या फाटक्या गालाला लागला आणि तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"पहिला चमचा अपाचा," कुणीतरी म्हणालं. "थुंकायचं नसलं तरी पाणी तरी घालू द्या बिचारीला."

बिचारी! कानिपानं चमचा भरला. नेहमीचा आशीर्वाद जिभेवर तयार होता, 'सबुरीचा हो, बाळा.' तिनं तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बाहेर आलं.

"बाळा, तुला कुणी काठोकाठ भरून चहा दिला ना, तर ही बाई मला हाकलतेय हे तोंडावर सांगायची हिंमत तुला येवो."

कानिपा स्वतःच दचकली. पण चमचा हातात होता, पाणी परातीत होतं, आणि गाल इतका दुखत होता की आता चावायला जागाच उरली नव्हती. तिनं दुसरा चमचा भरला.

"बायकोला न विचारता गाभण गाय विकायची बुद्धी आजोबाकडून तुझ्यात न उतरो."

"अगं बाई," शारिपा नर्स पुटपुटली.

"पोटात एक दिवससुद्धा गोष्ट न राहणाऱ्या बायकांच्या हातून तुला सुई न टोचली जावो." शारिपा मागं सरकली. "ज्यांना पोरांची नाकं पुसता येत नाहीत आणि जे थुंकीला दोष देतात, त्यांच्या घरी तुझी सोयरीक न होवो. आईसमोर टोपी फिरवत बसणारा बाप तुला मिळालाय, त्याला इलाज नाही. तू तरी टोपी डोक्यावर घालून बोल."

दारात उभ्या येर्सायिननं घाईघाईनं टोपी डोक्यावर ठेवली.

"कानिपा, चमचा सोड की आता," मागून एक म्हातारी म्हणाली. "आम्हालाही आशीर्वाद द्यायचेत."

"थांब. पत्र्यांचं राहिलंय."

"मला हाकलतेय म्हणालात?" हा आवाज मार्जानचा. ती चहाचं भांडं घेऊन उभी होती. "मी? तुम्हाला?"

"काठोकाठ वाटी म्हणजे दुसरं काय गं?"

"अहो, आमच्या घरी बाबांना भरूनच द्यावी लागते! अर्धी दिली तर दुसरी भरेपर्यंत ते झोपतात! मला वाटलं, जास्त दिला की जास्त मान. आणि तुम्ही रोज 'छान' म्हणायचात! दोन वर्षं! एकदा तरी सांगायचं!"

"सांगायचं कशाला? सुनेला कळायला हवं."

"कसं कळणार? मी काय दाणे टाकून भविष्य बघते? तुमच्या चेहऱ्यावर माशीसुद्धा हलत नाही! रोज सकाळी उठून मी घाबरते, की आज अपांच्या मनात काय असेल. तुम्हाला वाटतं, फोड तुमच्याच तोंडात येतात?" मार्जाननं भांडं खाली ठेवलं, सासूसमोर मांडी घातली आणि आ वासला. "बघा!"

सगळ्या बायका वाकल्या. कानिपानं चष्मा चढवला, सुनेची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली.

"डाव्या बाजूला जास्त आहेत," ती हळू आवाजात म्हणाली.

"डावाच गाल चावते मी."

"मीही." कानिपानं हनुवटी सोडली नाही. "तुरटी लावतेस?"

"लावते. चोरून."

"मग काल तुझ्या नवऱ्याला कुणी पाठवलं माझ्याकडं?"

"लोकांनी! मी तर रात्रभर त्याच्याशी बोलले नाही. मला माझी आई थुंकायला नको होती. मी तिच्याच घरात वाढलेय, अपा."

रापिखाकडं सगळ्यांच्या माना वळल्या. एरवी एवढ्या बोलण्यावर तिनं घराची कौलं उतरवली असती. पण ती नुसती हात झटकत मागं सरली.

"मी थुंकणार नाही बाई! माझा घसा बसलाय!" हे तिनं अशा आवाजात सांगितलं की तावदानं हलली. "आजीनं थुंकावं. सख्ख्या आजीनं. बापाच्या आईनं!"

मार्जाननं ओलं बाळ टॉवेलात गुंडाळलं आणि सासूपुढं धरलं.

कानिपाचे हात पुढं झाले आणि थांबले. ज्या क्षणासाठी ओढणीला इस्त्री केली तो क्षण समोर होता, आणि तिला भीती वाटत होती. "माझी काळजीची आहे गं," ती म्हणाली. "आकड्यात आलंय. आणि ती डॉक्टरीण पोरगी आजारांचंही बोलली."

"मग आत नको, ओठावर करा. नुसतं तू. काळजीचं काय, घरात कुणीतरी काळजीचं लागतंच. फक्त मोठ्यानं करायला शिकवा त्याला. आत्ता करत होतात तशी."

कानिपानं नातवाला घेतलं. ते लेकरू एवढ्या गोंधळात गाढ झोपलं होतं, ओठ किंचित उघडे. तिनं वाकून, अगदी दव पडावं तसं, 'तू' केलं.

बाळानं डोळे उघडले. नाक मुरडलं. चेहरा बिटासारखा लाल झाला आणि मग त्यानं असा टाहो फोडला की बाहेर बांधलेला घोडा खिंकाळला.

"ऐका, ऐका!" रापिखा आनंदानं ओरडली, घसा वगैरे विसरून. "आवाज ऐका! माझ्यावर गेलाय!"

बायका कानिपाकडं बघायला लागल्या. कानिपानं तोंड उघडलं.

"विहीणबाई, तुमच्यावर गेला असेल तर न्या ओढ्यापलीकडं. आवाज उतरला की आणून द्या."

"नेईन की! आणि दूध कोण पाजणार, माझा म्हातारा?"

"का, तो जागा नसतो का?"

"माझ्या म्हाताऱ्याबद्दल बोलू नका हं! गाय विकून फटफटी आणणाऱ्यातला नाही तो!"

"फटफटी निदान चालायची तरी!"

चाळिसातले बाकीचे चमचे तसेच राहिले होते आणि परातीतलं पाणी निवत चाललं होतं. मार्जाननं दोघींच्या मधून बाळ उचललं, ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि त्याला पदराखाली घेतलं. बाळ गप्प झालं. आज्या झाल्या नाहीत.